सज्जन डार्क एल्फ

१९९९ साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या ऑनलाइन खेळात डार्क एल्फची जात घेतली (मुद्दाम 'जात' म्हणतोय), की 'चांगल्या' नगरांतले पहारेकरी दिसताक्षणी अंगावर धावतात. गुन्हा काय? जन्म. तरी सज्जन डार्क एल्फ वठवणारे खेळाडू असतातच. त्या नगरांच्या शत्रूंना मारमारून ते आपली पत वाढवतात. पण वाढते ती एकट्याची! पुढचा डार्क एल्फ पुन्हा तळापासून.

'तू त्यांच्यातला वाटत नाहीस' हे कौतुक आपल्याकडेही चालतं. १८७१च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ साली त्यातून सुटल्या, पण पारध्यांवरचा संशय उरलाच. म्हणून मला महत्त्वाचं वाटतं ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या कंपनीने २०२०मध्ये केलेलं निवेदन: ऑर्क आणि ड्राउ हेही इतरांसारखेच बरे-वाईट माणूसपण असलेले दाखवू. एकट्याला सूट नव्हे, नियमच बदलायचा.