डाग एकीकडे, भोक दुसरीकडे
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका माजी सचिवांनी केलेले भाषण)



‘जुन्या आठवणी सांगा’ असं मला सांगण्यात आलं होतं. पण मी आज एका गाडीच्या छताची गोष्ट सांगणार आहे. शेवटी ती आपल्याच गच्चीवर येते, तेव्हा थोडा धीर धरा.

गेल्या वर्षी आम्ही दोघं इंग्लंडला मुलाकडे राहिलो. त्याने एक जुनी कॅम्परव्हॅन घेतली होती, 1989 सालची. कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरचं वन रूम किचन! झोपायला पलंग, ओटा, गॅस, बेसिन, सगळं आत. किंमत स्वस्त, कारण छत गळत होतं आणि मधोमध तव्यासारखं खोलगट झालं होतं. मुलगा म्हणाला, “बाबा, वरून सिलिकॉन मारू, होऊन जाईल.” मीही मान डोलावली. आयुष्यभर मी तेच केलं होतं, फक्त सिलिकॉनच्या जागी डांबर.

वर चढून पाहिलं तर आधीच्या मालकांनीही तेच केलेलं. सिलिकॉनचे थरावर थर! आणि गंमत अशी, की जुन्या सिलिकॉनला नवीन काहीच धड चिकटत नाही, रंगसुद्धा नाही. म्हणजे प्रत्येक थर पुढच्या दुरुस्तीचा मार्ग बंद करत गेला होता.

ओल दिसत होती मागे, पलंगाच्या वर. आम्ही दोन दिवस तिथेच भोक शोधलं. सापडलं नाही. अशा गाडीचं छत सँडविचसारखं असतं. वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, मधे लाकडी पट्ट्या आणि थर्माकोल, खाली प्लायवूड. पाणी शिरत होतं पुढच्या छताच्या खिडकीच्या कडेने, आणि लाकडी पट्टीच्या आधाराने चालत जाऊन मागे टपकत होतं, कारण गाडी उतारावर तोंड वर करून उभी असायची. डाग एकीकडे, भोक दुसरीकडे.

आतलं प्लायवूड उघडलं. पट्ट्या बिस्किट चहात बुडवल्यासारख्या मऊ, बोटाने भुगा होत होता. मग सगळं चक्र लक्षात आलं. पाणी शिरलं म्हणून लाकूड कुजलं, कुजलं म्हणून छत बसलं, बसलं म्हणून वर पाणी साचलं, आणि साचलं म्हणून आणखी शिरलं. वरून कितीही फासलं तरी हे चक्र तुटणार नव्हतं.

मग क्रमाने काम केलं. आधी वाळवणं. गाडी आडोशाला घेऊन हीटर आणि हवेतली ओल ओढणारं यंत्र लावलं. लाकडात पिन टोचून ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र मिळतं. ओलावा 20 टक्क्यांच्या वर राहिला तर लाकडाला कूज लागते. आकडा खाली यायला तीन आठवडे लागले. मुलगा रोज विचारायचा, “आज बंद करूया का?” मी रोज नाही म्हणायचो. ओल आत कोंडून वरून बंद केलं, तर आपणच कुजवणार.

मग टेकू. खालून फळी लावून छत रोज थोडं थोडं उचललं. एकदम उचललं असतं तर पत्र्याला चुणी पडली असती. मध्यभाग किंचित फुगीर ठेवला, पाणी थांबूच नये म्हणून. कुजलेल्या पट्ट्या कापून नवीन चिकटवल्या. खिडकी काढून जुना सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला. लोखंडी पट्टीने पत्रा फाटतो. एवढ्या एका कामाला चार दिवस. खिडकीखाली ब्युटाइलची टेप, जी वर्षानुवर्षं मऊ राहते, आणि स्क्रू समोरासमोरचे, हाताने, हळूहळू आवळले.

शेवटी परीक्षा. नळी घेऊन खालच्या सांध्यापासून सुरुवात, मग एकेक सांधा वर. आत नात टॉर्च घेऊन बसलेली. सुरुवातीलाच वरून पाणी सोडलं तर कुठला सांधा गळतो ते कळत नाही. अर्ध्या तासाने ती आतून ओरडली, “आजोबा, काहीच नाही!” त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला, तेवढाच दुसऱ्या क्षणी ओशाळलो.

कारण मला आपल्या वरच्या मजल्यावरच्या काकू आठवल्या. मी सहा वर्षं सचिव होतो. दर मे महिन्यात जिथे डाग दिसेल त्याच्या वरती डांबर मारून घ्यायचो आणि अहवालात लिहायचो, ‘गच्चीची दुरुस्ती पूर्ण’. जुलैत काकूंच्या बेडरूममध्ये बादल्या. एकदा त्यांना म्हणालो होतो, “काकू, पावसाळा आहे, थोडंफार चालायचंच.” काकू, तुम्ही आज समोर बसला आहात. ते चालायला नको होतं. सर्वांसमक्ष माफी मागतो.

पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्याचं छत गळलं, तर आदर्श उपविधींप्रमाणे तो खर्च सोसायटीचा असतो, त्या घराचा नव्हे. आणि 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी करायचं असतं. आपलं वय झालं 25. माझ्या काळात ते एकदाही झालं नाही.

नव्या समितीला माझी विनंती एवढीच. यंदा डांबराचा डबा उघडण्याआधी ऑडिट करा. गच्चीवर एकेक भाग अडवून पाणी भरून बघा, पाणी कुठून शिरतं ते शोधा. जुने थर काढा, स्लॅब वाळू द्या, मग उतार आणि वाटा नीट करून घ्या. खर्च जास्त येईल, वर्गणी वाढेल, कुरकुर होईल. त्या सभेत हात वर करणारा पहिला माणूस मी असेन. आणि पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन काकूंच्या घरी मी स्वतः बसेन.