तोच वेद, दुसरा कंठ



आळेफाट्याजवळच्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा इथे विसावला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आज मी बोलणार आहे ते संगणकाविषयी. पण या कथेतला एक विचार माझ्या विषयाला फार जवळचा आहे. वेद तोच राहतो, कंठ बदलतो. एका प्रोसेसरसाठी रचलेली प्रणाली वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरवर चालती करणे, या कामाला संगणकाच्या जगात ‘पोर्टिंग’ म्हणतात.

संगणकाच्या पडद्यावर चौकटी उघडतात. एकीत पत्र, दुसरीत हिशेब, तिसरीत छायाचित्र. या खिडक्या आखणारी, माऊसची टिचकी कोणत्या खिडकीसाठी आहे हे ओळखणारी एक प्रणाली पडद्याआड राबत असते. ‘एक्स विंडो’ ही अशीच एक प्रणाली १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जन्मली. ज्या व्हॅक्स यंत्रांवर ती घडली, ती यंत्रे केव्हाच काळाआड गेली. ‘वेलँड’ नावाची नवी रचना आता तिची जागा घेत आहे, तरीही एक्स अजून अनेक लिनक्स संगणकांवर काम करते आहे. हे कसे साधले?

प्रत्येक प्रोसेसरची बोली निराळी असते. म्हणून एक्स त्या बोलीत न लिहिता बहुतांशी ‘सी’ या भाषेत लिहिली गेली. कंपायलर नावाचा दुभाषी ते लेखन हव्या त्या प्रोसेसरच्या बोलीत उतरवतो. पण तेवढ्याने भागत नाही.

आपण ‘सत्तावीस’ म्हणतो तेव्हा आधी सात उच्चारतो, मग वीस. लिहिताना मात्र दोन आधी, सात नंतर. आळेफाट्याच्या कांदा बाजारात कोणी ‘सत्तावीस’ पुकारले आणि लिहिणाऱ्याने कानावर पडले त्याच क्रमाने ७२ मांडले, तर केवढा गोंधळ होईल! प्रोसेसरांचेही असेच आहे. काही प्रोसेसर मोठ्या संख्येचा वरचा भाग आधी साठवतात, काही खालचा. इंटेलची रीत खालचा भाग आधी, अशी. आयआयटी मुंबईने २०१९ साली जाहीर केलेला ‘अजित’ हा प्रोसेसर ज्या स्पार्क घडणीचा आहे, तिची रीत नेमकी उलट.

एक्सच्या रचनाकारांनी ही अडचण आधीच ओळखली होती. एखादा प्रोग्रॅम एक्सशी जोडला जातो, तेव्हा त्याने पहिलेच अक्षर आपली रीत कळवणारे पाठवायचे: ‘बी’ किंवा ‘एल’. मग उलटसुलट करण्याची जबाबदारी एक्सची. जिथे हे भान सुटते, तिथे रंगांचे आकडे उलटे वाचले जातात आणि नारायणगावचा लालबुंद टोमॅटो पडद्यावर निळा-हिरवा दिसतो. शिवाय चित्र झरझर रंगवण्यासाठी काही भाग खास एकेका प्रोसेसरच्या बोलीत लिहिलेला असतो. नव्या यंत्रावर तो चालत नाही. सुरुवातीला साध्या, संथ मार्गाने काम भागवावे लागते. खिडकी उघडते, पण ओढली की अडखळत येते.

आणि खिडकी उघडली तरी तिच्यात मराठी उमटेलच असे नाही. ‘कि’ हे अक्षर संगणक साठवतो तेव्हा आधी ‘क’ असतो, मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी आधी यावी लागते. पुन्हा क्रमाचाच प्रश्न! मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेने, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, या शतकाच्या आरंभी ‘इंडिक्स’ प्रकल्पात एक्स विंडोला भारतीय लिप्यांचे हे वळण शिकवले. त्याच संस्थेत सुलेखनकार, कवी र. कृ. जोशी यांनी ‘रघू’ हा देवनागरी फॉण्ट घडवला. हे होऊ शकले, कारण एक्सचे मूळ लेखन सर्वांसाठी खुले होते. कोणाकडे परवानगी मागत बसावे लागले नाही.

माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. प्रोसेसर बदलतच राहणार. ॲपलने २०२० साली आपल्या संगणकांसाठी इंटेल सोडून स्वतःचे प्रोसेसर घ्यायला सुरुवात केली. ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या घडणीवर आयआयटी मद्रासने ‘शक्ती’ आणि सी-डॅकने ‘वेगा’ हे प्रोसेसर घडवले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन लिनक्सच्या तेराव्या आवृत्तीने या घडणीला अधिकृत स्थान दिले. ज्याचे मूळ लेखन हाती आहे, ते नव्या यंत्रावर नेता येते. ज्याचे कुलूपबंद आहे, ते मालकाची मर्जी संपली की जुन्या यंत्राबरोबर अडगळीत जाते, आणि त्यातले आपले हिशेबही.

जुन्या फॉण्टमध्ये टंकलेले मराठी दस्तऐवज आज उघडले की अगम्य खुणा दिसतात, हा अनुभव अनेकांना असेल. म्हणून पतसंस्था, शाळा, ग्रामपंचायत यांनी संगणकप्रणाली घेताना किमतीबरोबर दोन प्रश्न जरूर विचारावेत. आमचा मजकूर युनिकोडमध्ये राहणार ना? आणि उद्या यंत्र बदलले, तर आमची माहिती आम्हाला बाहेर काढता येईल ना?

आणि जुन्नर-आंबेगावच्या संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगेन: हे खुले लेखन मिळवा, कंपायलरला द्या, तो दाखवील त्या चुका एकेक करून वाचा. या विद्येची सुरुवात तिथूनच होते.