घरात एक, मतपेटीत वेगळे : मॉरिशसची ओळख

(युवक-युवतींच्या मासिक अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीत विषय ठरवताना एक जण म्हणाला होता, "मॅडम, मॉरिशस म्हणजे हनिमूनचं बेट, त्याच्यावर दोन तास काय बोलणार?" तो आज आला आहे, पहिल्याच रांगेत बसला आहे. दोन तास बोलणार नाही, घाबरू नकोस. पण तीस वर्षं भूगोल शिकवल्यावर मी एवढं सांगू शकते की नकाशावर ठिपका जितका लहान, तितकी त्याच्या पोटात गर्दी जास्त असते.

तर आधी ठिपका कुठे आहे ते बघू. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला, मकरवृत्ताच्या थोडं वर. ज्वालामुखीतून वर आलेलं बेट, भोवती प्रवाळाचं कडं, त्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी शांत. मुख्य बेट, पूर्वेकडचं रॉड्रिग्ज आणि इतर लहान बेटं मिळून क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा चौथा हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे महिने. १९६० च्या 'कॅरल' वादळानं लाकडी-पत्र्याची घरं अक्षरशः झोपवली, त्यानंतर सिमेंटची सपाट छपराची घरं उभी राहिली. छपरावर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया पाहून मला आपलीच वस्ती आठवली.

मी २०१७ साली आठ दिवस गेले होते. उसाच्या शेतांमधून रस्ता जातो आणि शेताच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, पिरॅमिडसारखे. मला वाटलं, काही जुनं बांधकाम असेल. आमचा टॅक्सीवाला म्हणाला, "हे आमच्या पणजोबांनी वेचलेले दगड." जमीन ज्वालामुखीची, दगड वेचल्याशिवाय ऊस लागणार कसा? ते दगड हातांनी वेचले गेले. मॉरिशसचा इतिहास कुठून सुरू करायचा असेल तर मी त्या ढिगाऱ्यांपासून करेन.

या बेटावर मूळ रहिवासी असे कुणी नव्हतेच. अरब खलाशांना ते ठाऊक होतं, पोर्तुगीज येऊन गेले. डचांनी १५९८ मध्ये आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं नाव त्याला दिलं आणि १६३८ पासून वस्ती केली. ऊस त्यांनीच आणला, आणि डोडो नावाचा न उडणारा पक्षी त्यांच्याच काळात संपला. तो केवळ माणसांनी खाऊन संपला असं आपण शाळेत शिकवतो. जहाजातून आलेले उंदीर, डुकरं, माकडं यांनी त्याची अंडी संपवली, हा भाग आपण विसरतो. डच १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांचा गव्हर्नर ला बुर्दोने यानं पोर्ट लुई हे बंदर उभं केलं. कामाला हात कुणाचे? मादागास्कर आणि मोझांबिककडून पकडून आणलेल्या गुलामांचे. हिंदुस्थानातूनही कारागीर आणि खलाशी आले, त्यांतले बरेच मुसलमान होते. पोर्ट लुईच्या 'काँ दे लास्कार' या खलाशी वस्तीत १८०५ मध्ये मशीद झाली. म्हणजे फ्रेंच अमलातच.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. पण मोठी मजेशीर गोष्ट अशी की त्यांनी फ्रेंच भाषा, फ्रेंच मळेवाले आणि फ्रेंच दिवाणी कायदा तसाच राहू दिला. हा कायद्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८३५ मध्ये तिथली गुलामगिरी संपली. सुमारे ६६ हजार माणसं मोकळी झाली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. आणि ऊस कापायला माणसं हवीच होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज ३६ हिंदी मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. तिथून पुढे सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या घरात माणसं करारावर गेली. बहुतेक कलकत्त्याहून, म्हणजे भोजपुरी मुलखातली, काही मद्रासहून, आणि काही आपल्या मुंबई बंदरातून, रत्नागिरी-सातारा भागांतली. ज्या घाटावर ती उतरली त्याला 'कुली घाट' म्हणत. आता नाव 'आप्रवासी घाट', २००६ पासून जागतिक वारसा. सोळा पायऱ्या आहेत. मी त्या मोजत चढले, आणि सोळाव्या पायरीवर काही सुचलं नाही. तिथे प्रत्येकाला नंबर मिळत असे. त्या नोंदवह्या आणि पुढच्या काळातले फोटो आज महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवले आहेत. आजही लोक आपल्या पणजोबांचा नंबर शोधत तिथे येतात.

गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना जवळजवळ तीन आठवडे तिथे होते. त्यांचा सत्कार पोर्ट लुईच्या ताहेर बागेत मुस्लिम व्यापाऱ्यांनी केला. पुढे १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर आले आणि मजुरांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले.

आता लोकांकडे येऊ. हिंदू निम्म्याच्या जरा खाली, ख्रिस्ती तिसरा हिस्सा, मुसलमान साधारण सतरा टक्के, थोडे चिनी. घरात जवळजवळ सगळे क्रिओल बोलतात. फ्रेंच शब्दांची, पण व्याकरण आपलं आपण घडवलेली गुलामांची भाषा. पार्लमेंट इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, भांडण क्रिओलमध्ये. शाळेत 'पूर्वजांची भाषा' शिकता येते : हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी. आमचा टॅक्सीवाला मुसलमान, त्याची नानी भोजपुरी बोलायची, तो शाळेत उर्दू शिकला. एका जनगणनेत तर बऱ्याच मुसलमानांनी पूर्वजांची भाषा अरबी लिहिली होती. अरबस्तानातून कुणाचा पणजोबा आला होता, हे विचारायचं नाही! हसू नका, आपल्याकडेही शजरे असेच लांब जातात.

रस्त्यावर 'दाल पुरी' मिळते. पुरणपोळीतला गूळ काढला आणि वर भाजीचा रस्सा, चटणी घातली की झाली. खायची जोडीनं. फालुदा आहे, त्याला 'आलूदा' म्हणतात. मोठी जुम्मा मशीद चिनी वस्तीला लागून आहे, तिच्या आवारात बदामाचं जुनं झाड आहे. मुहर्रमला पोर्ट लुईत ताबूत निघतात, त्यांना 'घून' म्हणतात. सप्टेंबरात फादर लावाल यांच्या कबरीला सगळ्या धर्मांचे लोक रात्रभर चालत जातात. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, ती मराठी लोकांमुळे.

मराठीवरून एक गोष्ट. तिथल्या जनगणनेच्या धर्माच्या तक्त्यात हिंदू, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर 'मराठी' हाही धर्म म्हणून नोंदला जातो. मी ते वाचलं आणि दोनदा चष्मा पुसला. माझी मातृभाषा मराठी. माझे अब्बा दापोलीकडचे, घरात कोकणी वळणाची मराठी. मुंबई बंदरातून माझाच कुणी पूर्वज गेला असता, तर आज त्याची नातवंडं तिथे मराठी ठरली नसती, फक्त मुसलमान ठरली असती. तसं इथेही आपल्याला लोक विचारतात, "तुम्ही मराठी किती छान बोलता!" पण इथे निदान ती सरकारी तक्त्यात धर्म झालेली नाही.

इथून मी मुद्द्यावर येते.

१२ मार्च १९६८ ला मॉरिशस स्वतंत्र झाला. त्याआधीच्या १९६७ च्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला गेली होती. हिंदू बहुसंख्येचं राज्य येईल, ही भीती क्रिओल आणि इतरांना होती. मुसलमानांनाही होती. त्यांचे नेते सर अब्दुल रझाक मोहम्मद, जन्म कलकत्त्याचा. त्यांनी स्वातंत्र्याला पाठिंबा दिला, पण मुस्लिम प्रतिनिधित्वाची हमी मागितली. त्यातून 'बेस्ट लूझर' नावाची पद्धत पक्की झाली. ६२ सभासद मतांनी निवडून येतात. मग कोणत्या समाजाला कमी जागा मिळाल्या हे बघून हरलेल्यांतल्या जास्तीत जास्त आठ जणांना जागा दिल्या जातात. घटनेच्या परिशिष्टात चार समाज धरले आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि ज्यांची राहणी या तिघांत बसत नाही ते सगळे 'सर्वसाधारण लोक'. गोरा मळेवाला आणि गुलामाचा पणतू एकाच खणात! उमेदवारी अर्जावर समाज लिहायचा, नाही तर अर्ज बाद.

हे वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते १९०९ आणि विभक्त मतदारसंघ. त्याची किंमत आपण फाळणीनं मोजली. म्हणून मी तिथे तोंड वाकडं करूनच गेले होते. पण टॅक्सीवाल्यानं मला थांबवलं. जानेवारी १९६८ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने राहिले असताना, पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल झाली होती. ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. त्याच्या आईवडिलांना घर बदलावं लागलं. "त्यानंतर तसं झालं नाही, कारण पार्लमेंटमध्ये आपला माणूस बसतो, हे लोकांना ठाऊक असतं," तो म्हणाला. १९८२, १९९५ आणि २०२४ मध्ये एकाच आघाडीनं मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. तेव्हाही विरोधी बाकांवर काही माणसं बसली ती याच पद्धतीमुळे. त्याचं म्हणणं मी सहज उडवून लावू शकले नाही.

आता मघाचा फ्रेंच कायदा. नेपोलियनची दिवाणी संहिता अजून तिथे पाया आहे. घटस्फोट, वारसा, पोटगी, सगळ्या धर्मांना एकच. निकाह लावा, सप्तपदी करा, पण हक्क या संहितेनं ठरतात. मुस्लिम विवाह आणि वारसा शरियतप्रमाणे चालावा, धर्मस्वातंत्र्याचा तो भाग आहे, अशी मागणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेली होती. १९९० मध्ये न्यायालयानं ती मान्य केली नाही. श्रद्धा बाळगण्याचं स्वातंत्र्य वेगळं आणि राज्यानं धर्माचा कायदा चालवणं वेगळं, असा त्या निकालाचा सूर होता.

म्हणजे बघा, आपलं बरोबर उलटं आहे. आपण मतपेटीत एक आणि घरात वेगळे. ते घरात एक आणि मतपेटीत वेगळे. इथे एखादी बहीण वारशासाठी कोर्टात जाते तेव्हा तिला आधी 'मुस्लिम स्त्री' व्हावं लागतं. तिथे ती तशीच कोर्टात जाते, पण निवडणुकीला उभी राहायची असेल तर अर्जावर 'मुस्लिम' लिहावं लागतं. दोन्ही देशांनी खण केलेच, फक्त जागा बदलली. कुठला खण जास्त टोचतो? मला विचाराल तर मी घरातला म्हणेन, कारण तो रोज टोचतो. पण माझं मत एका बाईचं मत आहे. पोर्ट लुईच्या दंगलीत घर सोडलेला माणूस वेगळं सांगेल.

आणि खणाबाहेरचीही माणसं तिथे निघाली. राष्ट्राध्यक्ष कासम उतीम यांनी २००२ मध्ये दहशतवादविरोधी कायद्यावर सही करायला नकार दिला आणि पद सोडलं. त्यांच्या मागोमाग उपाध्यक्ष अंगिदी चेट्टियार यांनीही तेच केलं. १९९९ मध्ये काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि देश पेटला, तेव्हा हेच उतीम कार्डिनल मार्झो यांना बरोबर घेऊन वस्त्यांमध्ये फिरले. २०१५ मध्ये प्राध्यापक अमीना गुरीब-फकीम पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. पुढे खर्चाच्या वादात त्यांना २०१८ ला जावं लागलं, तेही सांगायला हवं.

चागोस बेटांबद्दल आज वेळ नाही. १९६५ मध्ये ब्रिटननं ती तोडून घेतली, तिथल्या माणसांना उचलून पोर्ट लुईच्या धक्क्यावर सोडलं, आणि दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ झाला. मे २०२५ मध्ये ती परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या. चागोसवाल्यांची तक्रार आहे की आम्हाला कुणी विचारलंच नाही. त्यावर एक स्वतंत्र बैठक घेऊ.

शेवटचं. काही तरुण उमेदवारांनी अर्जावर समाज लिहायला नकार दिला. त्यांचे अर्ज बाद झाले. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले आणि २०१२ मध्ये समितीनं त्यांच्या बाजूनं मत दिलं. त्याचं एक कारण फार साधं होतं. १९८२ पासून मॉरिशसनं जनगणनेत समाज विचारणं बंद केलं आहे. त्यामुळे आठ जागा वाटण्यासाठी आजही १९७२ ची गणती वापरतात. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट दिली गेली, कायमची नाही.

आमचा टॅक्सीवाला १९७५ सालचा. त्याला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग त्या आकड्यात मी नाहीच की. माझे अब्बा आहेत." आणि पुढच्या वळणावर दाल पुरीसाठी गाडी थांबवली.

चहा आला आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ. पहिल्या रांगेपासून.