सीपरी बाजार आणि आठवणींचा हिशेब

झाशी स्टेशनजवळच्या सीपरी बाजारावर रेल्वेची छाप आहे. इथला रेल्वे कारखाना १८९५ पासूनचा. अशा वस्त्यांत आजी-आजोबांची पिढी हमखास सांगते, की कोळशाची शेगडी होती, थोरल्याचे कपडे धाकट्याला येत, तरी बालपण सुखाचं होतं. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. १९७१ मध्ये देशात हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत. २०२० मध्ये ती संख्या २८ वर आली. म्हणजे आठवणी सांगायला उरले ते वाचलेले. शिवाय शेगडीचा धूर आईच्या डोळ्यांत गेला, मुलांच्या आठवणीत राहिला तो गरम पोळीचा वास!

यावर कुणी म्हणेल, खेळायच्या मोकळ्या जागा तर गेल्या ना? खरं आहे, आणि हा आक्षेप वजनदार आहे. हॉकीपटू मेजर ध्यानचंदांच्या आयुष्याचा मोठा काळ ज्या झाशीत गेला, तिथे तो जास्तच बोचतो. पण घरात गॅस आणि फ्रिज आले म्हणून मैदानं आटली नाहीत. वस्ती वाढताना मुलांसाठी जागा राखायची राहून गेली. त्याचा जाब शहर आखणाऱ्यांना विचारावा. आपण मात्र तो नातवाच्या मोबाइलला विचारत बसतो.