पालकांचा सहवास आणि हंगामाचे महिने



‘पालकांचे मुलांकडे लक्ष नाही’ हे वाक्य पालकसभेच्या इतिवृत्तात वारंवार आढळते. ते लिहिण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या व मजुराच्या घरचा दिवस डोळ्यांपुढे आणावयास हवा. मुलासाठी म्हणून वेगळा काढलेला वेळ त्या दिवसात सापडत नाही, हे खरे. परंतु तेथे सहवास नसतो असे नाही. तो कामातच मिसळलेला असतो. आई काटवटीत ज्वारीचे पीठ मळते, तेव्हा शेजारी बसलेली चार वर्षांची मुलगी पिठाचा गोळा मागते आणि आपली चानकी थापते. चानकी वाकडी होते, तव्यावर करपते आणि बाप ती कौतुकाने खातो. शाळेतील किती पाठांना एवढे मनःपूर्वक पारितोषिक मिळते? पोळ्याला बैलांची शिंगे रंगवताना, कापूस वेचताना, बाजाराला जाताना असेच काही ना काही चाललेले असते. कोणी त्याला शिक्षण म्हणत नाही, इतकेच.

ताराबाई मोडक यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. बालवाडीत मुले येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, घरापुढील अंगणात नेली. पाने, बिया, शिंपले हेच साधन मानले. आज अंगणवाडी हा शब्द घरोघरी झाला आहे, पण त्यातील अंगण बहुधा विसरले गेले आहे.

हा सहवास जेथे खरोखरच तुटतो, ती घरे निराळी. कन्नड, पैठण या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असल्याने मागे राहण्याची मुभा आईला नसते. मूल बरोबर गेले तर फडाच्या बांधावर व कोपीत वाढते आणि त्याची शाळा बुडते. ते आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिले तर शाळा टिकते, पण आईबाप दुरावतात. दोन्हींत काही तरी हरवतेच. शाळेच्या दृष्टीने दुसरा मार्गच इष्ट आहे; मात्र त्याची किंमत कोण देते, याचा विसर पडू नये. पहिली ते चौथी या चार वर्षांत दरवर्षी पाचसहा महिने, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे, आईने आपले मूल वाढताना पाहिलेलेच नसते. या वयात मूल सहा महिन्यांत सुमारे तीन सेंटिमीटर उंच होते. सहा-सात वर्षांच्या मुलाचे पुढचे दात पडून नवे येतात. अक्षरे जुळवणारा मुलगा वाक्य वाचू लागतो. आई परतते ती थोड्याशा अनोळखी मुलाकडे.

येथे शिक्षकाला करता येण्याजोगे काम लहानसे आहे. अशा प्रत्येक मुलामागे एक साधी वही ठेवावी. गुण व हजेरी तिच्यात नको. त्यांना अन्य नोंदवह्या आहेत. दात कोणत्या दिवशी पडला, पहिले वाक्य कोणते वाचले, कोणाशी भांडण झाले व ते कसे मिटले, आईची आठवण केव्हा काढली, एवढेच तिच्यात असावे. महिन्याकाठी चार ओळी पुरेत. दरमहा भिंतीवर उंचीची खूण करावी. कारखान्याच्या तळावरून आईबापांचा फोन बहुधा रात्री येतो. तो आजीकडे वा वसतिगृहात येत असेल, तर मुलाने काय सांगावे हे दिवसाच त्याच्याशी बोलून ठेवावे, नाही तर ‘जेवलास का’ या प्रश्नापुढे संभाषण जात नाही.

हंगाम संपवून आई गावी आली की वही तिच्या हाती द्यावी. तिला वाचता येत नसेल, तर मुलानेच ती वाचून दाखवावी आणि भिंतीवरील खुणाही दाखवाव्यात. हे काम निकालाच्या दिवसावर ठेवू नये. त्या दिवशी गर्दी फार असते.