एजंटाचा शब्द आणि सातबारा



आमच्या गटातल्या एका ताईंनी तालुक्याच्या गावी घरासाठी प्लॉट बघितला. एजंट ओळखीचा, बोलायला गोड. "ताई, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय," म्हणाला. ताईंनी साठवलेले ५० हजार रुपये रोख इसार म्हणून दिले. पावती मागायला संकोच वाटला. नंतर सातबारा काढला, तर 'इतर अधिकार' रकान्यात बँकेचा बोजा! पैसे अजून परत आलेले नाहीत.

मग एजंटावर विश्वास ठेवायचाच नाही का? तसं नाही. चांगला एजंट चार घरं दाखवतो, आपली पायपीट वाचवतो. पण व्यवहार झाला तरच त्याला कमिशन मिळतं. घाई त्याला असते, हप्ते मात्र आपल्याला फेडायचे असतात.

म्हणून प्लॉट घेताना सातबारा आणि फेरफार स्वतः काढून बघा, जाणत्या वकिलाला दाखवा. नव्या स्कीममधला फ्लॅट असेल तर प्रकल्पाचा आणि एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा, महारेराच्या वेबसाइटवर तपासा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार कराराची नोंदणी होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पैसे चेकने किंवा खात्यातूनच द्या.

आणि पावती मागायला लाजू नका. गटात १०० रुपयांची बचतसुद्धा आपण पासबुकात लिहून घेतो. तिथे कुणी रागावतं का? मग लाखांचा व्यवहार तोंडी कशाला?