छपरावरच्या उन्हाचा भाव
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या महिन्यात आम्ही रत्नागिरीला गेलो होतो. आपल्याच एका कार्यकर्त्याचा मुलगा तिथे नोकरीला आहे. त्याने जुने घर पाहिले, जांभ्या दगडाचे, वर स्लॅब आणि स्लॅबवर तीन किलोवॉटची सौर पाटी. घरमालक म्हणाला, घराचे ठरले ते ठरले, पाट्यांचे दोन लाख वेगळे. आता वीज फुकट. मुलाने बापाकडे पैसे मागितले आणि बाप दोन एकर काढायला निघाला.

दोन लाख म्हणजे किती? २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये. म्हणजे साडेसव्वीस क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरा, तर सव्वापाच एकरांचा सगळा माल, बी-खत-वेचणीचा खर्च न काढता.

आम्ही म्हणालो, आधी हिशेब मांडू. सरकार सांगते की तीन किलोवॉटवर महिन्याला सरासरी ३०० युनिट मिळतात. या पोराच्या घरात लागतात १२०. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला वाचले ११,५२०. उरलेले १८० युनिट तारेवर जातात, पुढच्या महिन्यांत जमा धरतात. पण आर्थिक वर्ष संपले की शिलकीला भाव कमी. ३ रुपये धरू. झाले ६,४८०. एकूण १८,०००. धुणे-पुसणे आणि पुढेमागे इन्व्हर्टर बदलणे यासाठी वर्षाला ४,००० बाजूला ठेवा. उरले १४,०००.

दोन लाख बँकेत ठेवले तर ७ टक्क्यांनी व्याज येते १४,०००. बँकेत मुद्दल शाबूत राहते. छपरावर ते दरसाल झिजते. मग फुकट काय मिळाले?

घरमालक खोटे बोलत नव्हता. त्याच्या घरी माणसे जास्त, थंड हवेचे यंत्र रात्रभर चाले. विजेचे दर टप्प्यांनी चढतात, त्यामुळे त्याचे वरच्या टप्प्यातले महाग युनिट वाचत होते. बैल तोच, पण ज्याच्याकडे काम नाही त्याने त्याची किंमत का द्यावी?

बैल घेताना आपण दात पाहतो. इथेही पाहा. बारा महिन्यांची बिले मागा. नुसते एप्रिलचे नको, कोकणात मृगापासून चार महिने आभाळ झाकलेले असते. शेजारच्या फणसाची सावली एका पाटीवर पडली तरी जोडीच्या पाट्यांचे उत्पन्न घटते. खाऱ्या वाऱ्याने सांगाडा गंजला का? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडाकडे पत्रे-कौले उडाली, म्हणून बोल्टही तपासा. स्लॅब गळतो का? पाट्यांवर कर्ज बाकी आहे का? मीटर आणि हमीचे कागद नावावर होतील का? आणि नव्याचे दरपत्रक आणा. २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. दरपत्रकातून ते वजा करून उरेल त्याहून जास्त जुन्याला द्यायचे नाहीत.

आम्ही मुलाला सांगितले, सहा वर्षांत पैसे फिटतील एवढेच बोल. चौदा सक्के चौऱ्याऐंशी. मालक रागावला, "माझा खर्च किती झाला ठाऊक आहे का?" शेवटी नव्वद हजारांवर तुटले. दोन एकर वाचले.

मालकाचा तो प्रश्न ऐकून आम्हाला हसू आले नाही, भावांनो. तोच प्रश्न आपण दर दिवाळीनंतर कापसाच्या गाडीवर उभे राहून विचारतो. व्यापारी म्हणतो, तुझा खर्च तुझ्यापाशी. विकताना आपला खर्च कोणी धरत नाही. निदान घेताना तरी दुसऱ्याचा खर्च डोळे मिटून माथी मारून घेऊ नका.

उद्या आपल्या शिवारात सौर पंपवाले येतील. ऊन भरपूर आहे. पण फेब्रुवारीत विहिरीत पाणी किती हात राहते, ते आधी दोर टाकून मोजा. मग सही करा.